अकाउंट्सवाल्यांचे तास नेमके जातात कुठे?

आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधी फर्ममध्ये करायची सक्तीची उमेदवारी, करणारी पोरं (यांनाच आर्टिकल म्हणतात), नुकतेच सीए झालेले, आणि बीकॉम करून भोसरी-चाकणच्या कंपन्यांत अकाउंट्स सांभाळणारे, या सगळ्यांकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळते. काम संपत नाही, पगार वाढत नाही, आणि वर साहेब म्हणतात तुझा स्पीड कमी आहे. मग पोरगं घरी जाऊन स्वतःलाच दोष देत बसतं, मला बहुतेक हे झेपत नाहीये, फील्डच चुकलं. यातला बराचसा भाग तुमच्या स्पीडशी संबंधित नाहीये, तो या धंद्याच्या गणितातून येतो, आणि ते गणित कुणी ज्युनिअरला बसवून समजावत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

सुरुवात फीपासून करू. समजा भोसरीतलं एक फॅब्रिकेशनचं युनिट आहे. त्यांचं जीएसटी, टीडीएस, टॅक्स ऑडिट, रिटर्न असं सगळं मिळून फर्मने वर्षाचे ६० हजार ठरवले. ठरवताना फर्मच्या डोक्यात असतं की साधारण १०० तासांचं काम आहे, म्हणजे तासाला ६०० रुपये. आता प्रत्यक्षात काय होतं, खरेदीची बिलं अर्धी व्हॉट्सॲपवर येतात, बँक स्टेटमेंट पासवर्ड लावून येतं आणि पासवर्ड मालकाच्या मेहुण्याला माहीत असतो, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सस्पेन्सला, म्हणजे कशाचे ते न कळलेल्या रकमांच्या खात्यात, चार लाख पडलेले असतात, आणि १०० तासांचं काम १८० तासांवर जातं. फी तीच राहते. म्हणजे तासाला ६०० चे झाले ३३३. हा फरक कुणी सोसला? क्लायंटने नाही, त्याने ६० हजारच दिले. फर्मनेही फार सोसला नाही, कारण पगार महिन्याचे ठरलेत आणि आर्टिकलचा स्टायपेंड तर त्याहूनही कमी आहे. ते वरचे ८० तास ज्याने रात्री बसून काम उरकलं त्याच्या खिशातून गेले. धंद्यात इतर कुठलाही खर्च वाढला की कुणीतरी ओरडतं, पण हे ८० तास कुठल्याच लेजरला पडत नाहीत म्हणून कुणाला दिसतच नाहीत.

मग फी वाढवायची ना, असं कुणीही म्हणेल. इथे अडचण अशी की सीएला जाहिरात करण्यावर, स्वतःहून क्लायंट मिळवायला जाण्यावर कायद्याने मोठे निर्बंध आहेत, त्यामुळे काम येतं ते ओळखीने, आणि टिळक रोडवर, सदाशिव पेठेत, डेक्कनला एकेका बिल्डिंगमध्ये तीन तीन फर्म आहेत, क्लायंट सरळ सांगतो की शेजारचे ४५ हजारात करतायत. सीएंच्या इन्स्टिट्यूटने (आयसीएआय) फीचं किमान कोष्टक सुचवलेलं आहे, पण ते सुचवलेलंच आहे, बंधनकारक नाही. आणि क्लायंटच्या नजरेत हे काम म्हणजे दंड टाळण्याचा खर्च, त्यातून त्याला काही मिळतंय असं त्याला वाटतच नाही, मग तो भाव करणारच. पार्टनर लोकांना याची लाज वाटत नाही असं मला म्हणायचं नाहीये, बरेच जण स्वतःही दहा दहा वाजेपर्यंत बसतात. पण दबाव उतारावरून खाली येतो आणि सगळ्यात खाली आर्टिकल उभा असतो.

दुसरा भाग तारखांचा. बाहेरच्या माणसाला वाटतं महिन्याचं काम आहे, महिनाभर करा की थोडं थोडं. पण तारखा बघा. ७ तारखेला टीडीएस भरायचा. ११ ला जीएसटीआर वन, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न. १५ ला पीएफ आणि ईएसआयसी. २० ला थ्रीबी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न. यात खरी गोम आहे १४ तारखेची. तुमच्या क्लायंटने माल घेतला आणि त्यावरचा जीएसटी त्याला परत क्रेडिट म्हणून हवाय, तर ज्याच्याकडून माल घेतला त्याने आपली जीएसटीआर वन भरलेली हवी, तरच ते बिल तुमच्या टूबीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, दिसतं, आणि टूबी तयार होते १४ ला. जानेवारी २०२२ पासून नियमच असा आहे की तिथे दिसत नसेल तर क्रेडिट नाही. म्हणजे महिनाभर तुम्ही कितीही चटचट एंट्र्या मारल्यात तरी मॅचिंगचं काम १४ च्या आधी पूर्ण होऊच शकत नाही, आणि २० ला थ्रीबी भरायचीय, मध्ये एक रविवार. या सहा दिवसांत टूबी डाउनलोड करा, पर्चेस रजिस्टरशी जुळवा, जी बिलं दिसत नाहीत त्या सप्लायरला फोन लावा, तो म्हणतो आमच्या सीएला विचारतो, त्याचा सीए म्हणजे तुमच्यासारखाच एक आर्टिकल जो तिकडे दुसऱ्या चाळीस क्लायंटचं हेच करतोय. आणि असे क्लायंट तुमच्याकडे एक नाही, वीस-तीस असतात, सगळ्यांची तारीख तीच.

जुने सीनिअर म्हणतात आम्ही पण केलंय की, आम्हाला नाही जड गेलं. त्यांनी मेहनत केली यात वादच नाही, पण काम वेगळं होतं. १ जुलै २०१७ च्या आधी व्हॅट, एक्साइज, सर्व्हिस टॅक्स होते, कटकट होतीच, पण चूक असली तर ती बऱ्याचदा दोन-तीन वर्षांनी असेसमेंटला निघायची, तेव्हा फाइल घेऊन ऑफिसरकडे जायचं, समजावायचं. आता तफावत पोर्टलला त्याच महिन्यात दिसते आणि नोटीस मेलवर येते. थ्रीबी उशिरा गेली तर दिवसाला ५० रुपये लेट फी, वर टॅक्सवर १८ टक्के व्याज, आणि क्लायंट ते पैसे भरताना नाव घेतो अकाउंटंटचं, मग भले डेटा त्यानेच १९ तारखेला रात्री पाठवलेला असो. पूर्वीच्या आणि आत्ताच्या कामात तासांपेक्षा हा सततचा धाक जास्त बदललाय. सीनिअर लोकांनी हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

सप्टेंबर तर वेगळाच. टॅक्स ऑडिटची नेहमीची तारीख ३० सप्टेंबर, कंपन्यांच्या वार्षिक सभेची (एजीएम) पण ३० सप्टेंबर, मध्ये १५ ला ॲडव्हान्स टॅक्स, आणि पुण्यात याच सुमाराला गणपती. पोरं ढोलपथकाची प्रॅक्टिस सोडतात, मानाचे गणपती फोनवर बघतात. मग सगळे एक्स्टेन्शनची वाट बघत बसतात. २०२५ मध्ये काय झालं आठवा. नॉन-ऑडिट रिटर्नची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली, म्हणजे जे काम जुलैत संपायचं ते ऑडिटच्या अंगावर आलं, आणि १५ च्या रात्री उशिरा अजून एक दिवस वाढवला. ऑडिटची तारीख अगदी शेवटच्या आठवड्यात ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबरवर गेली, नंतर १० नोव्हेंबर. ऐकायला बरं वाटतं, पण त्या वर्षी दिवाळी २०-२१ ऑक्टोबरच्या आसपास होती. तारीख पुढे गेली आणि दिवाळीच्या सुट्ट्या त्यात गेल्या. शिवाय तारीख वाढली हे कळताच क्लायंट डेटा द्यायचा थांबतो, म्हणतो आता आहे की महिना. त्यामुळे एक्स्टेन्शन मिळालं तरी ताण कमी होत नाही, लांबतो फक्त.

आता या सगळ्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, टाइमशीट, म्हणजे कुठल्या कामाला किती तास गेले त्याची नोंद. मोठ्या फर्ममध्ये असाल तर तुम्हाला माहितीय, प्रत्येक असाइनमेंटला तासांचं बजेट असतं. समजा एका ऑडिटला तुम्हाला ८० तास दिलेत आणि लागले १२०. मॅनेजर थेट सांगत नाही, पण सूर असा असतो की एवढे कसे लागले, बजेटच्या वर नको जायला, रेटिंगवर येईल. मग पोरं काय करतात, ८५ भरतात. उरलेले ३५ तास गिळतात. ते तास खरे होते, त्यात तुमची झोप गेली, पण कागदावर ते झालेच नाहीत. आणि पुढच्या वर्षी त्याच क्लायंटचं बजेट कशावरून बनतं? मागच्या वर्षीच्या टाइमशीटवरून. तिथे ८५ दिसतात, म्हणून पार्टनर क्लायंटला तीच फी सांगतो, टीममध्ये माणूस वाढवत नाही, आणि पुढच्या वर्षी जो नवीन पोरगा येतो त्याला ८०-८५ तासच मिळतात. त्यालाही १२० लागतात, त्यालाही वाटतं माझाच स्पीड कमी, मागच्याने तर ८५ मध्ये केलं होतं. असं दरवर्षी चालू राहतं आणि प्रत्येक बॅचला वाटतं की आपणच कमी पडतोय.

म्हणून माझं आग्रहाने सांगणं आहे की खरे तास भरा. भीती वाटते, कळतं मला, पहिल्या वर्षी मॅनेजरशी वाद घालायची ताकद कुणाकडे नसते. पण निदान तास कशात गेले ते तरी लिहा, डेटा पाच दिवस उशिरा आला, स्टॉकचं स्टेटमेंट तीनदा बदललं, फिक्स्ड ॲसेट रजिस्टर नव्हतंच, ते आपण बनवलं. अशी नोंद असली की विषय तुमच्या स्पीडवरून क्लायंटच्या डेटावर जातो, आणि चांगला मॅनेजर तीच नोंद घेऊन पार्टनरकडे फी वाढवायला जाऊ शकतो. लहान फर्ममध्ये टाइमशीट नसतेच बऱ्याचदा, तिथे स्वतःची साधी एक्सेल ठेवा, तारीख, क्लायंट, काम, तास, अडलं कुठे. आर्टिकलला नियमाने आठवड्याला किमान ३५ तास काम धरलंय, सीझनला ते कुठच्या कुठे जातं, आणि वर्षअखेरीला कुणालाच सांगता येत नाही की किती गेलं. आपण दुसऱ्याच्या पै पैचा ताळा लावतो, मग स्वतःच्या वेळेची नोंद ठेवायला काय हरकत आहे.

कंपनीत अकाउंट्सला असलेल्यांचं थोडं वेगळं आहे. तिथे बिलिंग नाही, पण तुमचं काम कायम दुसऱ्या डिपार्टमेंटवर अवलंबून. स्टोअर्सने माल आल्याची नोंद केली नाही, पर्चेसने रेट बदलला पण पीओ (खरेदीची ऑर्डर) बदलला नाही, आणि मालकाला ५ तारखेला एमआयएस, म्हणजे महिन्याच्या आकड्यांचा रिपोर्ट, पाहिजे. त्यात २०२३-२४ पासून नवीन भर पडली, छोट्या आणि सूक्ष्म उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देता तेव्हाच मिळतो. नियम चांगला आहे, पिंपरी-चिंचवडच्या लहान वर्कशॉपवाल्यांचे पैसे खरंच अडकून पडायचे. पण तो पाळायचा म्हणजे प्रत्येक सप्लायरचं उद्यम सर्टिफिकेट (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) मागवायचं, तो ट्रेडर आहे की उत्पादक ते बघायचं, तारखा मोजायच्या, आणि मार्चमध्ये मालकाला सांगायचं की एवढे पैसे आत्ता सोडावे लागतील. हे सगळं करणारा बीकॉम झालेला एकटा माणूस असतो, ज्याचं पद अजूनही ज्युनिअर अकाउंटंट असतं. या लोकांबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. पगारवाढ मागताना तुम्ही काय वाचवलं ते आकड्यात सांगा, किती क्रेडिट अडकलेलं सोडवलं, किती लेट फी टळली. मालकाला आकडा समजतो.

आणि एक अवघड विषय. कधी ना कधी वरून सांगितलं जातं की हे बिल मार्चमध्ये टाक, किंवा हा खर्च दुसऱ्या हेडला दाखव, कर रे, काही होत नाही. टायमिंगचा साधा प्रश्न असेल तर विचारून घ्या, कधी कधी खरंच कारण असतं. पण बिलच खोटं असेल, माल आलेलाच नसेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. कंपनी कायद्याच्या कलम ४४७ मध्ये मोठ्या फ्रॉडला ६ महिन्यांपासून १० वर्षांपर्यंत कैद आहे, आणि साहेबांनी सांगितलं होतं हे कोर्टात तोंडी सांगून फार उपयोग होत नाही. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे, कुणाच्या लॉगिनने कधी एंट्री बदलली ते राहतं, आणि लॉगिन तुमचं असतं. म्हणून नम्रपणे एक मेल टाका, सर, आपण सांगितल्याप्रमाणे अमुक एंट्री करायची आहे, त्याचे पेपर्स मिळाले की करतो. नव्वद टक्के वेळा त्या मेलला उत्तरच येत नाही आणि विषय तिथेच थांबतो. उत्तर म्हणून दम मिळाला तर नोकरी शोधायला लागा, खरंच.

खराडी, हिंजवडी, मगरपट्ट्यात परदेशी कंपन्यांचं अकाउंटिंग आणि अमेरिकन टॅक्सचं काम करणारे खूप आहेत. पगार बरा, एसी ऑफिस, कॅब. तिथला त्रास दोन प्रकारचा. एक म्हणजे सीझन त्यांच्या कॅलेंडरचा, १५ एप्रिलपर्यंत मान वर करता येत नाही, घरात गुढीपाडवा असो की काही असो. दुसरा जास्त गंभीर, काम फार बारीक तुकड्यांत वाटलेलं असतं. एक माणूस तीन वर्षं फक्त व्हेंडरची बिलं सिस्टिमला चढवतो, बॅलन्स शीट त्याच्यापर्यंत येतच नाही. मग बाहेर इंटरव्ह्यूला गेला की अडखळतो. तिथे असाल तर दरवर्षी एक तरी टप्पा बदलून मागा, बिलांवरून बँक रिकन्सिलिएशन (बँकेशी हिशेब जुळवणं), तिथून महिनाअखेरचं क्लोजिंग. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

एआयची भीती याच तुकड्यांशी जोडलेली आहे. बिल वाचून एंट्री करणं, बँक स्टेटमेंट जुळवणं, टूबी मॅच करणं हे मशीन करायला लागलंय, आणि ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागल्यामुळे बिलाचा डेटा आधीच सिस्टिममध्ये असतो, परत टाइप करायची गरज कमी होत चाललीय. फक्त एंट्रीच येत असेल तर काळजी रास्त आहे, उगाच धीर देत नाही. पण नोटिशीला उत्तर लिहिणं, क्लायंटला समजेल अशा भाषेत धोका सांगणं, आकडा बघून इथे काहीतरी गडबड आहे हे ओळखणं, आणि शेवटी सही करून जबाबदारी घेणं, हे माणसाकडेच आहे. त्यात १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवीन आयकर कायदा, ८१९ कलमांची ५३६ कलमं, असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर. वीस वर्षं मुरलेल्या माणसालाही कलमांचे नंबर नव्याने पाठ करावे लागतायत. तरुण पोरांना बरोबरीने उभं राहायची अशी संधी रोज येत नाही, ती घ्या.

परीक्षेबद्दल थोडंच. नोव्हेंबर २०२३ ला सीए फायनलचे दोन्ही ग्रुप एकदम दिलेल्यांतले साडेनऊ टक्क्यांच्या आत पास झाले, मे २०२५ ला १९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहातले आठ-नऊ नापास होणं हे या परीक्षेत नेहमीचं आहे. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत तीन-चार अटेम्प्ट दिलेली हुशार पोरं रोज दिसतात. नातेवाइकांना हे आकडे सांगा, त्यांना खरंच माहीत नसतात.

२०२४ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या फर्ममध्ये लागलेली २६ वर्षांची सीए मुलगी नोकरीच्या चार महिन्यांतच वारली आणि तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यानंतर काही दिवस सगळीकडे चर्चा झाली, वेलनेसची सेशन्स झाली, आणि पुढच्या सीझनला परत तेच. सेशनने तास कमी होत नाहीत, माणसं वाढवून आणि क्लायंटकडून डेटा वेळेत घेऊन होतात. पण तोवर तुमच्या हातात जे आहे ते करा. छातीत धडधडणं, झोप न लागणं, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येणं हे सीझन आहे म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरला दाखवा, घरी सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आणि सोडायचंच ठरलं तर जरा बघून. ऑफर लेटरमधला नोटीस पीरियड आधी वाचा, तीन महिने असेल तर जुलैत राजीनामा दिलात तरी सगळा सीझन तिथेच जाणार. आर्टिकल असाल तर सोडताना फॉर्म १०९ वर प्रिन्सिपलची, म्हणजे ज्या सीएकडे आर्टिकलशिप करता त्याची, सही लागते आणि ट्रान्सफरला नियमात बसणारं कारण दाखवावं लागतं, त्यामुळे भांडून निघण्याआधी बिबवेवाडीला इन्स्टिट्यूटच्या पुणे ब्रांचमध्ये जाऊन आत्ताचा नियम काय आहे ते विचारून या. नवीन ठिकाणी इंटरव्ह्यूला एचआर सांगेल ते ऐका, पण तिथल्या दोन वर्षं जुन्या एखाद्या ज्युनिअरला बाहेर चहाला गाठून तीन गोष्टी विचारा: सप्टेंबरमध्ये घरी किती वाजता जातोस, टाइमशीटला खरे तास भरू देतात का, आणि मागच्या वर्षी तुझ्या टीममधले किती जण सोडून गेले.